पाळण्यातला थोरला

मी वरवंटा बोलतोय, उदगीरकडच्या सोमेशअप्पांच्या घरातला. मिक्सर आल्यापासून दाराला टेकू म्हणून पडून असतो. पण मान विचाराल, तर या घरातला थोरला मीच.

आमच्याकडे बारशाला बाळाआधी वरवंटा पाळण्यात निजवतात, पोर दगडासारखं टणक व्हावं म्हणून. मला न्हाऊ घालायचे, कुंची चढवायचे, काजळ लावायचे. बायका लाडानं गुंडप्पा म्हणायच्या. दोन झोके मिळतात न मिळतात तोच उचलून खाली ठेवायचे, आणि माझ्या जागी ते रडकं गाठोडं! नाव त्याला, कानात बाळी त्याला, घुगऱ्या त्याच्या कौतुकाच्या. मी पुन्हा पाट्यावर, मिरच्या वाटायला. जळणार नाही तर काय? पिढ्यान्‌पिढ्या जळलोय.

परवा सोमेशअप्पांची अंजू घराण्याची वंशावळ काढायला बसली. शिरूर अनंतपाळला दिलेली तिची आत्याआजी सिद्धम्मा आली होती. बारशाला नाव आत्यानं ठेवायचं, म्हणून घरातली बारशी तिलाच पाठ.

"तुझ्या बापाच्या आधी पाळण्यात गुंडप्पा निजला," सिद्धम्मा म्हणाली. "तुझ्या आज्याच्या, मृत्युंजयाच्या आधी बी गुंडप्पाच."

अंजूनं दोन्ही पिढ्यांत थोरला मुलगा म्हणून गुंडप्पा लिहिलं. वंशावळीत मी! छाती फुगली माझी.

सोमेशअप्पा कागद बघून चक्रावले. "अगं अंजे, मला थोरला भाऊ कवा व्हता?"

सिद्धम्मा पदर तोंडाला लावून हसत सुटली. "त्यो बघ की सोम्या, दाराला बसलाय तुझा भाऊ!"

सगळे खिदळले. दगडाचं काळीज म्हणतात, पण ते चर्र झालं. अंजूनं खोडरबर घेतलं. बापाशेजारचा गुंडप्पा गेला, आज्याशेजारचाही गेला. मग ती थबकली.

"आत्याआज्जी, तू कुठाय यात?"

"लेकीचं नाव कुठं लिहितेत गं? न्हाई लिहीत."

अंजूनं आज्याशेजारच्या माझ्या रिकाम्या जागी लिहिलं, सिद्धम्मा. म्हातारीला वाचता येत नाही. तिनं अक्षरांवर बोट ठेवलं. "ही मी हाय?" बोट काही उचलेना.

खोटं कशाला सांगू, अंगाची आग झाली. हातातोंडाशी आलेलं नाव गेलं. मग आठवलं, हिच्या बारशालाही आधी मीच निजलो होतो. मला उचलताना कुणीतरी म्हणालं होतं, "पोरगीच हाय, आटपा लवकर." तेव्हा जागा कुरकुरत दिली होती. या वेळी मनापासून दिली.

पण पुढच्या बारशाला माझे दोन झोके तेवढे विसरू नका. ते मी कुणालाच देणार नाही.