अडुळसा देणार नाही

सकाळचा जप आटोपून मी औषधाच्या खोलीत आले, तर दादा आधीच बाकावर बसलेला. माझा थोरला भाऊ रिकाम्या हाताने कधी येत नाही. एक तर केळी आणतो, नाही तर हुकूम. आज केळी दिसत नव्हती.

"सूनबाईला खोकला झालाय. अडुळशाची बाटली दे. रिक्षा थांबवलीय."

"तिला घेऊन ये, मग देते."

"अगं, खोकल्यात बघायचं काय? सगळ्यांचा सारखाच."

"निरोपावर औषध देत नाही मी, दादा. माणूस समोर पाहिजे."

ही शिस्त माझ्या सासूबाईंची. पायरीखालून कुणी औषध मागितलं तर त्या म्हणायच्या, "वर ये, जीभ दाखव." त्या गेल्या आणि खलबत्त्याबरोबर ही शिस्तही माझ्या वाट्याला आली.

दादा पुटपुटत बाहेर गेला आणि रिक्षातूनच सुनेला घेऊन आला. म्हणजे पोरगी दाराशी आणलेली होती, फक्त मला दाखवायची नव्हती.

मी चुलीवर अडुळशाची पानं वाफेला ठेवली होती. हे झाड मोठं हट्टी. कच्ची पानं कितीही कुटा, रस म्हणून निघत नाही. वाफ दिली, पानं मऊ पडली, की फडक्यातून पिळायची आणि मधात कालवायची. चव जहर कडू. पण चिकटलेला कफ सुटतो, दमेकऱ्याला पाठ टेकता येते, आणि नाकातून किंवा थुंकीतून रक्त पडत असेल तर त्यावरही जुन्या काळापासून हाच देतात. गरोदर बाईला मात्र देत नाहीत. म्हणून तर माणूस समोर हवा.

"दिवस गेलेत का गं?" मी विचारलं.

"नाही, आत्या. साधी सर्दी आहे." बोलली माझ्याशी, पण डोळे दादाकडे.

ब्लाउजला दोन्ही बाजूंनी पिना लावून तो अंगाबरोबर केलेला. गळ्याची हाडं वर आलेली. ताप येतो का विचारलं, तर दादाच म्हणाला, "संध्याकाळी थोडी कणकण असते. कामाचा शीण, दुसरं काय?"

"तिला बोलू दे. मुठीत काय आहे, बाळ?"

"रुमाल."

"उघड."

तिने उघडला. तपकिरी सुकलेले डाग होते, आणि त्यांच्यावर एक ताजा, लाल.

मी उठून दोन्ही खिडक्या उघडल्या.

"दादा, हिला छातीच्या दवाखान्यात ने. आजच. थुंकी तपासली पाहिजे."

"हळू बोल!" दादाने दारातून गल्लीत नजर टाकली. "त्या दवाखान्याच्या रांगेत माझी सून उभी राहिली, तर धाकटीचं जमलेलं लग्न मोडेल. घरात क्षय आहे म्हणतील. थोरला जावई बाहेरगावी कामाला, मुलगा जहाजावर, मी एकटा कुणाकुणाला तोंड देऊ? एकदा लग्न उरकू दे, मग हवं तिथे नेतो. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही."

"म्हणी नकोत, औषध दे. रक्तावर अडुळसा चालतो, हे तूच गावभर सांगत असतेस ना? का तुझाच तुझ्या झाडपाल्यावर विश्वास नाही?"

दुखऱ्या जागी बरोबर बोट ठेवणं दादाला लहानपणापासून जमतं. मी चुलीचा जाळ बारीक केला.

"पूर्ण विश्वास आहे. म्हणूनच देणार नाही."

"हे काय कोडं?"

"कोडं कसलं? अडुळसा घेईल, कफ सुटेल, कदाचित रक्तही थांबेल. रुमाल स्वच्छ निघेल. तू म्हणशील, बरी झाली. तीही म्हणेल. आणि आत छाती पोखरत राहील. दवाखान्याच्या गोळ्या सुरू होऊ देत. मग तिथल्या डॉक्टरांना विचारून हवा तेवढा काढा मी स्वतः आणून देईन. त्याआधी एक थेंब नाही."

"दुसरीकडून आणीन. बाजारात काय अडुळशाचा दुष्काळ पडलाय?"

"आण. पण माझ्या हातचा नसेल. आणि मी तुझ्या होणाऱ्या व्याह्यांकडे जाऊन बोलून येईन."

मी आवाज चढवत नाही. देवापुढे तसा नेमच धरलाय. पण दादाला ते ओरडण्याहून जास्त लागलं. तो उठून उंबऱ्यात आडवा उभा राहिला.

"सख्ख्या भावाच्या पोरीचं लग्न मोडशील? देवदेव करतेस ना रोज? लाज वाटत नाही?"

"रोज देवाकडे एवढंच मागते की माझ्या हातून कुणाचं वाईट होऊ नये. बाजूला हो, हिला मीच नेते."

"आज हिला घेऊन गेलीस, तर तुला भाऊ नाही, समज."

आईनंतर माहेर म्हणून तेवढं एकच दार उरलं होतं. तरी मी चपला पायात घातल्या आणि पोरीसमोर हात धरला. आता सगळं तिच्यावर होतं. तिला उचलून नेणं काही मला शक्य नव्हतं.

ती बसूनच राहिली. खोकला आला, तो तिने पदरात दाबला. दाबता दाबता डोळ्यांत पाणी आलं.

"बाबा," ती म्हणाली, "वन्सं माझ्याच शेजारी झोपतात."

दादाने तिच्याकडे पाहिलं. उंबऱ्यातच तो किंचित वळला.

"त्यांचं लग्न जपायचं म्हणता. आधी त्यांना जपा. त्यांनाही तपासायला हवं."

"लोकांनी विचारलं तर काय सांगू मी?" दादाचा आवाज पार बसला होता.

"खरं सांगा. तुम्हाला जमत नसेल तर मी सांगते." माझा हात न धरता ती स्वतःच उठली आणि दादाच्या अंगावरून, धक्का न लावता, बाहेर पडली.

मी मागोमाग रिक्षात बसले. रिक्षावाल्याने आरशात पाहून विचारलं, "कुठे, ताई?"

मी तोंड उघडणार तोच ती बोलली. समोरच्या वाण्याने मान वर केली, इतकं स्पष्ट. "छातीच्या दवाखान्यात."

रिक्षावाल्याचा हात किल्लीवरच थबकला. त्याने खिशातून रुमाल काढला, पण बांधायचा की नाही या संकोचात तो नुसताच हातात धरून बसला.

"बांधा की नाकाला," ती म्हणाली. "मला राग नाही. पण चला."