रोझेल फ्यूक्वाचं अर्धं वाक्य

पास्टर युलिसिस टार्पलींना प्रार्थना कर म्हणून सांगावं लागत नसे, थांब म्हणून सांगावं लागे. क्लीव्हलँडच्या पूर्व भागात, बंद पडलेल्या एका लाँड्रीच्या गाळ्यात त्यांचं चर्च भरे. माणसं जेमतेम चाळीस, पण टार्पलींचा आवाज चारशे जणांना पुरेल असा. आठवडाभर ते सिटी बसच्या डेपोत ब्रेक दुरुस्त करत आणि रविवारी माणसं. अशा गड्याला एकसष्टाव्या वर्षी ‘दुःखी माणसाशी कसं बोलावं’ हे शिकायला वर्गात बसवलं, तेव्हा त्यांचा नुसता तिळपापड झाला होता.

पण इलाज नव्हता. हॉस्पिटलनं नियमच काढला होता की या कोर्सला बसल्याशिवाय कुठल्याही धर्माच्या प्रार्थना करणाऱ्यानं वॉर्डात पाऊल ठेवायचं नाही. गरीब वस्त्यांतले सहा जण, त्यात दोन पाद्री, एक इमाम, बाकीच्या प्रार्थनागट चालवणाऱ्या बाया, दर गुरुवारी दुपारी तळघरातल्या खोलीत बेचव कॉफी घेऊन, शिकवणाऱ्या विन्सलो बाईंसमोर बसत. बाई तीस वर्षं मरणाऱ्यांच्या उशाशी बसलेल्या होत्या. त्यांचा आवाज कधी चढत नसे आणि वर्गाला नेमकी त्याचीच धास्ती होती.

कोर्सची रीत मोठी छळवादी होती. रोग्याला भेटायचं, जवळ कागद-पेन ठेवायचं नाही, घरी गेल्यावर मात्र झालेलं बोलणं शब्दन्‌शब्द आठवून लिहायचं. आपण काय म्हणालो, तो काय म्हणाला, मध्ये कोण किती वेळ गप्प बसलं, सगळं. मग गुरुवारी ते वर्गात वाचायचं. आपलं बोलणं आपण, रोग्याचं बोलणं दुसऱ्या कुणीतरी. सहाही जण आपसांत त्याला ‘जबानी’ म्हणत.

त्या गुरुवारी टार्पलींची जबानी होती आणि स्वारी खुशीत होती. रोग्याचं नाव रोझेल फ्यूक्वा, वय पन्नाशीच्या आतबाहेर, मुक्काम पुलाखाली. मूत्रपिंडं गेलेली, छातीत पाणी भरलेलं. हॉस्पिटलच्या कागदावर नातेवाइकांच्या रकान्यात ‘कुणी नाही’. अशा माणसासाठी मंगळवारी आपण केलेली प्रार्थना टार्पलींना स्वतःलाच इतकी आवडली होती, की त्यांनी ती सव्वा पान भरून उतरवली होती.

फ्यूक्वाचं बोलणं वाचायचं काम इमोजीन बॅटलकडे आलं. इमोजीन बेघर बायकांच्या निवाऱ्यात प्रार्थनागट चालवायची. एके काळी ती स्वतःच तिथं राहिलेली, त्यामुळे तिच्या जिभेला हाड नव्हतं.

“काय भाऊ, कसं वाटतंय?” टार्पलींनी वाचायला सुरुवात केली.

“पाय गेले कामातून. श्वास पुरत नाही,” इमोजीननं वाचलं.

“देव बघतोय बरं का तुझ्याकडे.”

“बघत असेल. पास्टर, मला एक पोरगी आहे. तिचं...”

“चल भाऊ, आपण प्रार्थना करू,” असं म्हणून टार्पलींनी खुर्चीवर पाठ ताठ केली आणि सव्वा पान दणक्यात वाचलं. बायबलातला लाल समुद्र झाला, सिंहांची गुहा झाली, अनाथांचा बाप झाला. संपल्यावर त्यांनी इमोजीनकडे पाहिलं. तिची एकच ओळ उरली होती, ‘आमेन’. ती काही वाचेना.

“वाच की, इमोजीन.”

“तिचं काय?” इमोजीननं विचारलं.

“कुणाचं?”

“पोरीचं हो! ‘मला एक पोरगी आहे, तिचं...’ इथं टिंबं टिंबं आहेत. पुढं काय?”

“तिथं थांबला तो.”

“थांबला, की थांबवलात?”

इमामांनी कॉफीच्या कपात डोकं घातलं.

“हे बघ,” टार्पली उसळले, “रोगी समोर असेल तर मी प्रार्थना करणारच. पाद्री आहे मी, प्लंबर नाही!”

“प्लंबरनं निदान विचारलं असतं, कुठं गळतंय म्हणून.”

एक-दोघं हसले. विन्सलो बाई हसल्या नाहीत. “युलिसिस,” त्या म्हणाल्या, “तो पोरीचं बोलला तेव्हा तुम्हाला काय झालं? त्याला नाही. तुम्हाला.”

इमोजीनच्या तोंडून तेच वाक्य ऐकताना त्यांना तो चेहरा पुन्हा दिसला होता. फ्यूक्वानं मान उचलली होती. त्याचे डोळे भरले होते आणि ओठ पुढच्या शब्दासाठी उघडे होते. टार्पलींनी हे सगळं मंगळवारीच पाहिलं होतं आणि पाहिल्याबरोबर त्याचे हात घट्ट धरून स्वतःचे डोळे मिटून घेतले होते.

“मला भीती वाटली,” ते म्हणाले. “तो रडणार होता. रडला असता तर पुढं काय बोलायचं, मला सुचलं नसतं. प्रार्थना मला पाठ आहे.”

“आणि आमेन?” इमोजीननं हळूच विचारलं. “ते तरी म्हणाला का तो?”

टार्पलींनी आठवून पाहिलं. चाळीस वर्षं प्रत्येक प्रार्थनेच्या शेवटी त्यांनी ते ऐकलं होतं, म्हणून हात आपोआप लिहून गेला होता. फ्यूक्वानं तोंड भिंतीकडे केलं होतं. “नाही,” ते म्हणाले. स्वतःची त्यांना मनापासून लाज वाटली.

“तो वर आहे अजून,” विन्सलो बाई म्हणाल्या. “जा. फक्त पोरीचं नाव विचारा.”

टार्पली लिफ्टची वाटही न बघता जिना चढले. सहाव्या मजल्यावर पोचेपर्यंत त्यांना धाप लागली होती. फ्यूक्वा खाटेवर होता, पण त्याच्या घशात नळी होती आणि शेजारचं यंत्र त्याच्यासाठी श्वास घेत होतं.

“पहाटे एकदम बिघडलं,” नर्स म्हणाली. “आता गुंगीत ठेवलंय.”

“एक शब्द हवाय मला त्याच्याकडून. एकच.”

“पास्टर, तो आता कुठला बोलतोय!”

ते खुर्ची ओढून बसले. “रोझेल, तुझ्या पोरीचं नाव काय? मी ऐकतोय,” असं त्यांनी त्याच्या कानाशी तीनदा विचारलं. मग सुचतील ती नावं घेऊन पाहिली, बोट तरी हलेल म्हणून. काही हललं नाही. आयुष्यात पहिल्यांदा ते एखाद्या खाटेशी दोन तास प्रार्थना न करता बसले आणि त्याचा आता कुणालाच उपयोग नव्हता.

शुक्रवारी दुपारी फ्यूक्वा गेला. टार्पली खालच्या ऑफिसात गेले आणि नातेवाइकांच्या रकान्यात ‘एक मुलगी’ लिहा म्हणाले. ऑफिसातली बाई वाईट नव्हती. “नाव?” तिनं विचारलं. “राहते कुठं? वय काय? फोन?” टार्पलींनी चारही वेळा नकारार्थी मान हलवली. नुसतं ‘मुलगी’ लिहून शोधायचं कुणाला, असं म्हणून तिनं रकाना होता तसाच ठेवला. दोन आठवड्यांनी काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, माणसांनी त्याला बेवारशांच्या जागेत पुरलं.

नोव्हेंबर लागल्यावर एका गुरुवारी वर्ग चालू असताना ऑफिसातून निरोप आला, की फ्यूक्वाची मुलगी आली आहे आणि पास्टर टार्पलींना विचारते आहे. विन्सलो बाईंनी नुसतं दाराकडे पाहिलं. टार्पली उठले.

ती बाहेरच्या बाकावर कोट न काढताच बसली होती. पंचविशीची, शाळेच्या खानावळीतला गणवेश घातलेली. काउंटीनं लावलेल्या बेवारशांच्या यादीत कुणीतरी बापाचं नाव वाचून तिला कळवलं होतं.

“कुठून आलीस बाळा?”

“अॅक्रनहून. बसनं तासभर लागतो. नऊ वर्षं शोधत होते मी त्यांना. इथल्या कागदांत फक्त तुमचं नाव आहे. ‘पास्टर भेटून गेले’ एवढंच. माझ्याबद्दल काही बोलले का ते?”

गोड काहीतरी सांगणं टार्पलींच्या हातचा मळ होता. तो तुझ्यावर फार प्रेम करत होता, असं म्हटलं असतं तर पोरीचा परतीचा रस्ता सोपा झाला असता. ते तिच्या शेजारी बसले.

“सुरुवात केली होती,” ते म्हणाले. “‘मला एक पोरगी आहे’ म्हणाला. पुढं नाव सांगणार होता बहुतेक. मी सांगू दिलं नाही.”

“म्हणजे?”

“मध्येच प्रार्थना सुरू केली.”

“किती वेळ?”

“तीन-चार मिनिटं.”

“आणि त्यानंतर किती दिवस होते ते?”

“बोलण्याजोगे? एक.” टार्पलींनी डोळे मिटले नाहीत. “चूक माझी आहे, बाळा. मला माफ कर म्हणायचाही मला हक्क नाही.”

ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं, असं टार्पलींना वाटलं. यावेळी ते कुठंही पळाले नसते. तिनं कोटाची बटणं वरपर्यंत लावली आणि पर्स उचलली.

“तुझं नाव काय?” टार्पलींनी विचारलं.

“आता विचारताय?” ती म्हणाली, आणि बसची वेळ झाली म्हणून निघून गेली.