लोहाराचा खोकला

लोहाराच्या घरी त्या दिवशी सकाळीच जुंपली. सून पाळण्यापुढं आडवी उभी.

"मामंजी, बाळाला हात लावायचा नाही."

"अगं, माझा नातू आहे तो!"

"आणि खोकला कुणाचा आहे?"

सुनेची थोरली लेक मागच्या थंडीत न्यूमोनियातून मरता मरता वाचली होती. बाई घाबरलेली होती, आणि घाबरलेल्या आईशी वाद घालणारा अजून जन्मायचाय. पण मी पडलो शेजारी; नातवाला लांबूनच बघणारा म्हातारा मला रोज दिसायचा.

तेवढ्यात घरोघर फिरणाऱ्या नर्सबाई आल्या, तोंडाला मास्क लावून. त्यांनी आधी चुलीजवळची खिडकी उघडायला लावली, बाळाच्या लसीची आठवण करून दिली आणि लोहाराकडं वळल्या. "आजोबा, हात साबणानं धुवा आणि कोपरात खोका. पुढच्या खेपेला मी स्वतः बाळ तुमच्या हातात देते."

जन्मभर घण मारून लोहाराचे कान बधिर झालेले, त्यात बाईंचा मास्क. त्याला ऐकू आलं, 'कोपऱ्यात'.

मग काय! भट्टीवर विळा घेऊन येईल त्याला लोहार डॉक्टरकी शिकवायला लागला. बघता बघता सगळ्या गावानं कोपरे धरले. चहाच्या दुकानात शिरावं तर म्हातारे भिंतीकडं तोंड करून उभे, मास्तरांनी शिक्षा केल्यासारखे. मी तर एकदा कोपरा रिकामा होईपर्यंत खोकला दाबून धरला आणि चहा नाकातून आला.

नर्सबाई पुन्हा आल्या आणि त्यांनी शब्द पाळला. लोहारानं हात खसाखसा धुतले, नातवाला घेतलं आणि त्याचे डोळे भरून आले. नेमकी तेव्हाच घशात खवखव. लोहार उठला तो बाळासकट कोपऱ्यात पळाला. तोंड भिंतीकडं, मधे बाळ, आणि वर खोकल्याचा भडिमार!

"अहो, माझं बाळ!" सून किंचाळली.

"कोपऱ्यातच आलोय ना!"

नर्सबाईंनी कपाळावर हात मारला. हसू मास्कमागं लपलं, पण खांदे गदगदत होते. त्यांनी बाळाला तपासलं. "सध्या ठीक आहे. श्वास जोरात चालला किंवा दूध सोडलं तर लगेच दवाखाना गाठायचा." मग हात वाकवून लोहाराला दाखवला. "आजोबा, कोपर! हे!"

"पण बाई, या कोपरात तर नातवाचं डोकं असतं."

"देवानं दुसरा हात कशाला दिलाय?"

बाळ पुन्हा हातात येतंय तोच खोकला आला. लोहारानं मान फिरवून दुसऱ्या कोपरात तोंड खुपसलं. मान वर केली तर बाहीवरची भट्टीची काजळी नाकापासून हनुवटीपर्यंत फासलेली.

सून हसली. बाळंतपणानंतर मी तिला पहिल्यांदाच हसताना पाहिलं. बाळ काही तिनं परत मागितलं नाही.

"मामंजी," ती म्हणाली, "उद्यापासून धुतलेला सदरा घालून बसा. हा रोज संध्याकाळी तुमच्याकडं."