सं. जा., खुलताबाद

बसमधून उतरता उतरता मृण्मयीने पर्समधला लिफाफा पुन्हा चाचपला. दौलताबादच्या दरवाज्यात बस वीस मिनिटं अडकली होती, तेवढ्यात तिचा तो चार वेळा चाचपून झाला होता. थांब्यासमोरच्या चहाच्या टपरीपाशी एक मुलगी स्कूटी लावून उभी होती. तोंडाला स्कार्फ, नुसते डोळे उघडे, आणि त्या डोळ्यांत एवढा राग की ओळख पटायला आणखी कशाची गरज पडली नाही.

"तुम्हीच ना त्या ताई?"

"हो. मृण्मयी. तू संस्कृती?"

"सं. जा., खुलताबाद," मुलगी एकेक अक्षर तोडत म्हणाली. "बसा मागं. पाय जपा, सायलेन्सर तापलाय."

मृण्मयी बसली. झालं होतं ते असं. शहरातल्या एका दैनिकाच्या गुरुवारच्या पुरवणीत ती 'विचार ताईला' नावाचं सदर चालवायची. घर सोडून पुण्या-मुंबईला निघालेली, नाहीतर तिथे पोहोचून भांबावलेली पोरंपोरी तिला पत्रं लिहीत. रूममेट न विचारता माझे कपडे घालते, तिला काय म्हणू? ऑफिसात सगळे इंग्रजीत हसतात, मी कधी हसू? घरून फोन आला की रडू फुटतं, ते कसं लपवू? ताई मन लावून उत्तरं द्यायची. लिहिणाऱ्याची ओळख पटू नये म्हणून आद्याक्षरं आणि गाव दोन्ही बदलायचा नियम होता. आद्याक्षरं ती मनाला येतील ती टाकायची. गावासाठी मात्र तिची एक खास सोय होती. कार्यालयाच्या खिडकीतून बसस्थानकाचं फाटक दिसायचं. त्या घडीला जी एसटी बाहेर पडेल, तिच्या पाटीवरचं गाव छापायचं. तीन वर्षं हा कारभार बिनबोभाट चालला होता, आणि आपल्या या युक्तीचं तिला मनातून कौतुकही होतं.

परवाच्या गुरुवारी एका मुलीचं पत्र छापलं. पुण्यात नोकरी लागली आहे, पण घरचे म्हणतात आत्याकडे राहायचं तरच जा. आत्या प्रत्येक गोष्टीत नाक खुपसते. मला मैत्रिणींबरोबर खोली घ्यायची आहे, घरी कसं सांगू? मुलगी होती कुठल्या कुठे, पार लांबच्या तालुक्यातली. मृण्मयीने खिडकीबाहेर पाहिलं आणि खाली लिहून टाकलं, सं. जा., खुलताबाद.

आता आपल्याकडे पुण्यात आत्या नाही असं घर शोधून दाखवावं! खुलताबादेत एक संस्कृती जाधव खरोखरच होती. तिला पुण्यातल्या औषधांच्या कंपनीत नोकरीही खरोखरच लागली होती, आणि आत्याकडे राहायचं ठरलंही होतं. कुणीतरी कात्रणाचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला आणि दुपारपर्यंत आत्याने ग्रुप सोडला. शेवटी संस्कृतीने थेट दैनिकाच्या कार्यालयात फोन करून ताईलाच घरी बोलावून घेतलं.

"आत्या दोन दिवस झाले फोन उचलेना," संस्कृती वाऱ्यावर ओरडून सांगत होती. "तात्या म्हणले, जायचंच नाय आता. मंगळवारी रुजू व्हायचंय मला. सोमवारच्या पहाटेचं तिकीट काढलेलं हाय. अन् ताई, खरं सांगू का, मला आत्याकडंच राहायचं होतं! आत्याच्या हातची भाकरी सोडून मी कशाला मरायला खोली घेऊ?"

सीताफळाच्या बागांमधून रस्ता वर चढत होता.

"माझी खोली तर आठ दिवसांआधीच गेली," संस्कृतीच पुढे म्हणाली, या वेळी जरा हळू. "सीताफळाचे क्रेट लावलेत तिथं. मी अजून घरातच हाय अन् पलंग भिंतीला लागला."

घर बागेच्या कडेला होतं. दोन खोल्या जुन्या, दोन नव्या, पुढे पत्र्याची पडवी. पडवीत बाजेवर तात्यासाहेब बसले होते, संस्कृतीचे वडील. मांडीवर तोच गुरुवारचा अंक, चार घड्या घातलेला. त्यांनी उठून मृण्मयीला खुर्ची दिली, पण मुलीकडे पाहिलंसुद्धा नाही. मनकर्णाबाईंनी, संस्कृतीच्या आईने, पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि त्या उंबऱ्यातच बसल्या.

"मॅडम, तुम्ही शिकलेल्या," तात्यासाहेबांनी सुरुवात केली. "तुमच्यावर राग नाय आमचा. तुम्हाला पत्र आलं, तुम्ही उत्तर दिलं. पण हिनं घरात तोंड उघडायचं सोडून पेपरात जावं? माझ्या बहिणीची बेइज्जती झाली. तिनं हिच्यासाठी कपाटाचे दोन खण रिकामे करून ठेवलेत."

"तात्या, मी म्हणत होते ना तुम्हाला..."

"तू गप."

मृण्मयीने लिफाफ्यातून झेरॉक्स काढली. वरचं नाव-गाव दुमडून तिने ती काढली होती. दुसऱ्या कुणाचं गुपित या घरात सांडायला नको होतं. "हे मूळ पत्र. हे संस्कृतीनं लिहिलेलं नाही. चूक माझी आहे."

तात्यासाहेबांनी चष्मा लावला. कागद लांब धरून पाहिला, मग जवळ धरला. बराच वेळ ते वाचत होते की नुसते बघत होते, कळायला मार्ग नव्हता. कोंबडी पडवीत आली, मनकर्णाबाईंनी तिला हुसकावलं.

"हे हिचं अक्षर नाय," ते शेवटी म्हणाले. "हिचं गिचमीड असतं. औषधवाल्यांसारखं, औषधांचं शिकायच्या आधीपासून."

"मग हे खुलताबाद कुठून आलं?" मनकर्णाबाईंनी विचारलं.

मृण्मयीला खुर्चीत बसवेना. पण सांगणं भाग होतं, म्हणून तिने खिडकीची, फाटकाची, पाटीची सगळी गोष्ट सांगितली. सांगताना ती युक्ती तिला स्वतःलाच इतकी पोरकट वाटली की कान गरम झाले. आणि मग मनकर्णाबाई पदर तोंडाला लावून हसायला लागल्या.

"अगं बाई! म्हणजे एसटी पाच मिनिटं लेट झाली असती, तर पैठणची पोरगी बोलणी खाती व्हय!"

संस्कृतीलाही हसू आवरलं नाही. तात्यासाहेब मात्र हसले नाहीत. त्यांनी कागद नीट घडी करून परत दिला आणि खिशातून फोन काढून बाजेवर ठेवला. बहिणीला फोन करायचा होता, हे उघड होतं, पण माफी मागायची तयारी अजून होत नव्हती.

"एक विचारू का मॅडम?"

"विचारा ना."

"तुम्ही इतक्या पोरींना सांगता, असं राहा, तसं राहा. तुम्ही किती वर्षं काढली पुण्यात?"

हा प्रश्न तीन वर्षांत एकाही वाचकाने विचारला नव्हता. सदराच्या डोक्यावर तिचा हसरा फोटो छापलेला असे, आणि त्या फोटोकडे बघून लोक धरून चालत की हिने जग पाहिलंय. मृण्मयीने तांब्यातलं पाणी घेतलं. खोटं बोलता आलं असतं. पण एका खोट्या गावाने एवढं रामायण केल्यावर तिची हिंमत होईना.

"अकरा महिने," ती म्हणाली.

"अन् मग?"

"मग परत आले. जमलं नाही मला. नोकरी चांगली होती, खोली चांगली होती, सोबतच्या मुलीही चांगल्या. पण रोज संध्याकाळी कुलूप उघडायच्या आधी मी जिन्यातच बसून राहायचे. एका रविवारी सगळं सामान घेतलं आणि निघून आले. हे मी सदरात कधी लिहिलं नाही. लाज वाटते."

तात्यासाहेबांनी मान हलवली. ती होकाराची होती की नुसती ऐकल्याची, ते त्यांनाच ठाऊक.

"घरचे काय म्हणले?"

हे संस्कृतीने विचारलं होतं. इतका वेळ ती पडवीच्या खांबाला टेकून उभी होती, आता दोन पावलं पुढे आली.

"बाबा बसस्थानकावर न्यायला आले होते," मृण्मयी म्हणाली. "मला वाटलं, आता विचारतील, आता ऐकवतील. रिक्षात बॅगा लावल्या, बसलो, तरी काही नाही. घर जवळ आल्यावर म्हणाले, आईनं थालीपीठ लावलंय, गार व्हायला नको. बस, एवढंच. आजपर्यंत त्यांनी तो विषय काढलेला नाही."

मनकर्णाबाईंनी डोळ्याला पदर लावला. मघाशी तोच पदर हसताना तोंडावर होता.

"ते पत्र माझं नव्हतं," संस्कृती एकदम म्हणाली. "पण मला पण विचारायचं होतं. लई दिवसांचं विचारायचं होतं. ताईला नाय. तात्या, तुम्हाला."

"विचार की मग. कुणी धरलंय?"

"मला तिकडं जमलं नाय, तर मी परत आले तर चालंल का?"

"म्हणजे?"

"म्हणजे परत आले की लगेच स्थळं बघायची नायत. पाव्हण्यारावळ्यांत बोलून दाखवायचं नाय, की एवढं शिकवलं अन् काय केलं हिनं. अन्..." तिने आपल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. "तुम्ही तर आत्ताच क्रेट लावले, तात्या. मी जायच्या आधीच. मी आले तर कुठं येऊ?"

मृण्मयीच्या ओठांवर उत्तर आलं होतं. तीन वर्षांची सवय. चांगलं गोळीबंद उत्तर, दीडशे शब्दांचं, शेवटी धीर देणारं. तिने ते गिळून टाकलं. तिला कुणी विचारलं नव्हतं.

तात्यासाहेबांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा लावला आणि पुन्हा काढला. मग ते बाजेवरून उठले, पायात चपला न घालताच खोलीत गेले. आतून प्लॅस्टिकवर प्लॅस्टिक घासल्याचा आवाज आला. दोन्ही हातांत दोन-दोन क्रेट धरून ते बाहेर आले आणि ते त्यांनी पडवीच्या कोपऱ्यात आदळले.

"अहो, काय करता?" मनकर्णाबाई उठल्या. "उद्या सीताफळाची तोड हाय. तीस क्रेट कुठं ठेवणार?"

"पडवीत ठेवू. पडवी काय खायला उठली का?"

"कुत्री येतेत."

"येऊ दे कुत्री."

ते पुन्हा आत गेले. दुसऱ्या खेपेला संस्कृतीने पुढे होऊन एक टोक धरलं. ते नको म्हणाले नाहीत. मृण्मयीही उठली, पण मनकर्णाबाईंनी तिचा हात धरून तिला खाली बसवलं. "बसा तुम्ही, चहा टाकते. त्यांचं चालू द्या." मृण्मयी बसून राहिली आणि त्या दोघांची ये-जा बघत राहिली. आठ खेपा झाल्या. दर खेपेला उंबऱ्यात आल्यावर पुढचा थांबायचा आणि मागच्याला पाऊल टाकायला सवड द्यायचा.

शेवटचा क्रेट ठेवून तात्यासाहेबांनी कपाळाचा घाम पुसला आणि फोन उचलला. पलीकडून बराच वेळ कुणी घेतला नाही. मग घेतला.

"अक्का, मी बोलतोय. ठेवू नको. आधी ऐक." ते बागेकडे तोंड करून उभे राहिले. "माझं चुकलं. पोरीचं काय नाय त्यात. व्हय, एसटीचं सगळं सांगतो. आधी मला सांग, ते कपाटाचे खण अजून रिकामेच हायेत ना?"

पलीकडून काय उत्तर आलं ते पडवीत ऐकू आलं नाही, पण तात्यासाहेबांचे खांदे खाली उतरले ते सगळ्यांना दिसलं. मनकर्णाबाईंनी चहाचा कप मृण्मयीच्या हातात दिला. चहा अतोनात गोड होता.

"पुढच्या वेळी कुठलं गाव टाकणार?" त्यांनी हळूच विचारलं.

"गावच टाकणार नाही आता."

"टाका ओ, खुलताबादच टाका. इथल्या पोरींना तरी कळंल, विचारायचं असतं म्हणून."

फोन ठेवून तात्यासाहेब वळले. संस्कृती रिकाम्या खोलीच्या दारात उभी होती. आत भिंतीला चिकटून पडलेला पलंग, खाली क्रेटच्या चौकोनी खुणा आणि सीताफळाचा वास.

"सोमवारची गाडी किती वाजता?" त्यांनी विचारलं.

"पहाटे साडेपाच."

"मग उद्या गडबड होईल." ते पलंगाच्या दुसऱ्या टोकाला गेले आणि वाकले. "धर तिकडून. खिडकीखाली घेऊ, पहिला होता तिथंच."