धाकट्याची खुर्ची

मी सलूनमधली एक जुनी खुर्ची आहे. मित्रांनो, माझं बोलणं कुणी ऐकेल का, अशी शंका येते. पण एक विजय मी जवळून पाहिला, तो सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आमच्या दुकानात दोन खुर्च्या आणि दोन जुळे भाऊ. चेहरे इतके सारखे, की गिऱ्हाईक दाढी एकाकडून करून घेई आणि शाबासकी दुसऱ्याला देई. मी धाकट्याची. त्याचा हात इतका हलका, की लोक माझ्यावर बसल्या बसल्या पेंगत.

मग त्याला पत्त्यांच्या जुगाराचा नाद लागला. गिऱ्हाइकाच्या तोंडाला साबण फासून तो ‘आलोच’ म्हणून जाई, तो दिवस मावळला तरी येत नसे. माझ्यावर धूळ साचली. थोरला त्याची बिनपाण्याने करी.

“लाज नाही वाटत? एका आईचे आपण. मला कसा नाही लागला नाद?”

“तू कधी डावाला बसलाच नाहीस, दादा.”

“बसून, उठून दाखवतो! मग तुझी खुर्ची भंगारात आणि तू दुकानाबाहेर.”

थोरला अड्ड्यावर गेला. तिथल्यांनी त्याला धाकटाच समजून पत्ते वाटले. एकच डाव खेळायचा होता. परतला तो दुसऱ्या दिवशी, आणि माझ्यावर कोसळला.

“उठताच येईना रे. जिंकत होतो तरी येईना, हरलो तरी येईना.”

धाकट्याने टोमणा मारला नाही. पाणी दिलं आणि म्हणाला, “चल, दोघंही व्यसन सोडवणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊ.”

परत आल्यावर थोरला आरशातल्या दोन सारख्या तोंडांकडे बघत राहिला. “बाई म्हणाल्या ना, ही ओढ काही अंशी जन्मतःच मिळते. आपल्यासारख्या जुळ्यांत तर दोघांनाही असू शकते. पण ओढ असली म्हणजे नाद लागतोच असं नाही. आणि लागलेला सुटतोही.”

“म्हणजे मी नालायक नव्हतो?”

“नव्हतास. मी बसलो नव्हतो, म्हणून शहाणा होतो.”

उपचार सुरू झाले. धाकटा मध्येच घसरला, तेव्हा थोरल्याने त्याला हाताला धरून पुन्हा बाईंकडे नेलं. दोघांनी अड्ड्याचा रस्ताच सोडला.

मग एके दिवशी अड्ड्याचा मालकच दाढीला आला. सगळे त्याला एक्का म्हणत. साबण लावून घेताना तो हळूच म्हणाला, “तुझी जागा राखून ठेवलीय. येतोस ना?”

माझे स्क्रूसुद्धा आवळले गेले. धाकट्याने वस्तरा उचलला. हात जराही हलला नाही.

“माझी जागा इथे आहे, मालक. आता बोलू नका, कापेल.”

थोरला खदखदून हसला. बाकावरचे सगळे हसले. एक्का गुळगुळीत गालांनी, मान खाली घालून एकटाच निघून गेला. मित्रांनो, तेव्हा मला सिंहासन झाल्यासारखं वाटलं!

माझा दांडा कुरकुरला, तर तेल घाला. गादी उसवली, तर टाका घाला. पण तुमचं माणूस नादात अडकलं, तर त्याला बोल लावत बसू नका. उठा, आणि डॉक्टरांच्या दारापर्यंत त्याच्याबरोबर चला.