लाल माती

दालातच्या सहलीचा दिएपला पुरता वीट आला होता. थंड हवेसाठी सायगावहून इतक्या लांब यावं, तर अख्खं सायगावच इथे उलथलेलं. तळ्याकाठी घोड्यांच्या लिदीची घाण, बागेत प्लास्टिकची फुलं आणि त्या फुलांसोबत फोटो काढायला हीऽ रांग!

निघताना शेजारणीसाठी इथले नावाजलेले बटाटे घ्यायला ती बाजारामागच्या बोळात शिरली आणि थबकलीच. एक बाई चिनी अक्षरं छापलेल्या पोत्यातले पांढरेफटक बटाटे बादलीतल्या लाल चिखलात घोळवत बसली होती. दालातच्या मातीचा अगदी तोच लाल रंग.

"शी! लाज नाही वाटत? चिनी माल दालातचा म्हणून लोकांच्या गळ्यात मारता?"

"मावशी, अस्सल दालातचे हवेत ना? ते बघा, कोपऱ्यात पडलेत," बाई मान वर न करता म्हणाली. "पावसानं धुऊन निघाले, आता कुत्रंही विचारत नाही त्यांना."

दिएपने तो स्वच्छ, धुतलेला ढीग न्याहाळला. मग नाक मुरडून तिने पिशवी बादलीपुढे धरली.

"ह्यातलेच द्या. आणि माती जरा जाड थापा हो, आमची शेजारीण नखानं खरवडून बघते."