मनुष्यवस्ती नाही

निकिता ग्रामपंचायतीत संगणकावर काम करी. सासरे गोरक्षमामा सरपंच, म्हणजे नोकरीही घरातलीच. त्या सकाळी तिनं दोन उतारे छापून दिले, कुणाचा तरी जन्माचा दाखला शोधला आणि सासूबाईंनी, रतनबाईंनी, बांधून दिलेली शेंगदाण्याची पोळी खायला काढली, तेवढ्यात दोन पांढऱ्या गाड्या दारात येऊन थांबल्या.

पाहुणे टीव्हीवाले होते. त्यांच्या कार्यक्रमातला धाडसी गडी ओसाड रानात एकटा राहतो, पाला खातो, पाणी हुडकतो, आणि देश ते बघतो. कर्जतच्या या बाजूचा, सीना नदीच्या अंगाचा माळ त्यांना पसंत पडला होता. तालुक्याच्या कचेरीत द्यायला पंचायतीचं पत्र हवं होतं, आणि पत्रात एक वाक्य हवंच होतं: सदर माळावर मनुष्यवस्ती नाही.

निकिताची बोटं थांबली. माळावर भिल्लांची सहा घरं होती.

"मामा, राहीबाईची वस्ती आहे की तिथं."

"हाय ना. पर ती काय गावात मोजतो का आपन?" गोरक्षमामा हसले, पाहुणेही हसले. "लिव तू. दोन दिसाचा खेळ हाय. गावाचं नाव टीव्हीवर यील."

तिनं लिहिलं. एक ओळ ती, चार शब्दांची. सहा घरं तिच्यात बुडाली आणि बुडबुडासुद्धा वर आला नाही.

शूटिंग बघायला सगळा गाव लोटला. वस्तीला बाभळींच्या आड बसवलं होतं. धूर दिसायला नको म्हणून दोन दिवस चुली बंद, आवाज नको म्हणून शेरडं लांब बांधलेली. एकट्या राहीबाईला पुढं बोलावलं, कारण कोरड्या नदीत पाणी कुठं लागेल ते दुसऱ्या कुणाला सांगता येईना. पहाटेची ओल कुठल्या वाळूत जास्त वेळ टिकते हे तिला ठाऊक होतं. गावातल्या नळावर भिल्लांच्या बायांनी हंडा लांब ठेवून उभं राहायचं, कुणाला दया आली तर वरून पाणी ओतायचं, अशी आमची रीत. त्यापरीस वाळूतला झिरा बरा, तो कुणाची जात विचारीत नाही.

फुटक्या थाळीनं वाळू उपसता उपसता ती सवयीनं गुणगुणू लागली:

झिऱ्या माझ्या बंधुराया, हळूहळू रं पाझर
बहिणीच्या घागरीला तुझ्या मायेचा पदर

टीव्हीवाल्यांच्या साहेबांनी लगेच हात वर केला. बाईंना गाणं थांबवायला सांगा, म्हणाले, इथं माणूस नाहीये.

राहीबाई गप्प झाली. हातभर खोलावर पाणी आलं, डोळ्यासारखं नितळ. साहेबांना ते आवडेना. त्यांच्या माणसानं बूट घालून त्यात पाय फिरवला, पाणी गढूळ केलं. राहीबाईला आड सारलं. मग ओठांना राखाडी रंग लावलेला गडी लटपटत आला, गुडघ्यांवर कोसळला, तिनंच खणलेल्या खड्ड्यात त्यानं चार बोटं खुपसली आणि त्याला पाणी 'सापडलं'. एक घोट घेऊन त्यानं डोळे मिटले. कॅमेरा थांबताच तो घोट थुंकला आणि बाटलीतल्या पाण्यानं तीनदा चूळ भरली.

गावानं टाळ्या वाजवल्या. निकितानंही.

माघारी फिरताना राहीबाईनं तिला गाठलं. "का गं बाई, थुकला का त्यो? आमी त्येच पितो की."

"खेळ असतो तो," निकिता म्हणाली आणि भरभर चालू लागली.

कार्यक्रम लागला तेव्हा देवळापुढं पडदा लावून गावानं तो पाहिला. मैलोन्‌मैल माणसाचा मागमूस नाही, असं त्यातला आवाज सांगत होता.

उन्हाळ्यात नळयोजना आली. वस्तीचा अर्ज निकितानंच भरला, अंगठे तिनंच घेतले. राहीबाई दर दोन दिवसांनी येई, उंबऱ्याबाहेर बसे आणि विचारी, आला का कागद. तिची सात वर्षांची नात पूजा काविळीनं दवाखान्यात होती. डॉक्टरांनी झिऱ्याचं पाणी बंद करायला सांगितलं होतं.

कागद आला. आपल्याच ग्रामपंचायतीच्या पत्रानुसार सदर ठिकाणी मनुष्यवस्ती नसल्याने योजनेतून नाव वगळण्यात येत आहे.

निकितानं तो दोनदा वाचला. उंबऱ्याबाहेर बसलेल्या राहीबाईकडं बघायचं धाडस होईना.

"नाही म्हणालेत," ती म्हणाली. "मी लिहून दिलं होतं. तिथं कुणी राहत नाही म्हणून."

राहीबाई रागावली असती तर बरं झालं असतं.

"आगं, पर त्या दिशी तू माझ्याशी बोललीस की."

जेवताना निकितानं विषय काढला. पहिलं पत्र खोटं होतं असं कळवू या. गोरक्षमामांचा घास हातातच राहिला.

"सरपंचानंच लिवायचं, सरपंच खोटा म्हनून? पद जाईल माझं. आन् तुजी नोकरी बी ऱ्हात न्हाई, ध्यानात ठेव."

"नाही राहिली तर नाही, मामा."

रतनबाईंनी भाकरी वाढायला हात पुढं केला आणि तसाच मागं घेतला. "म्या बी टाळ्या पिटल्या हुत्या," त्या म्हणाल्या, आणि पदर तोंडाला लावून उठून गेल्या.

दुसऱ्या दिवशी निकिता कागद घेऊन माळावर गेली. नवं पत्र नावांसकट पाठवायचं तिनं ठरवलं होतं. लग्न होऊन या गावात आली त्याला सहा वर्षं झाली होती, अर्जावर अंगठेही घेतले होते, आणि तरी राहीबाई सोडून या वस्तीतलं एक नाव तिला धड आठवत नव्हतं.

राहीबाईनं तिला बसायला पोतं टाकलं आणि पेल्यात पाणी दिलं. पेला घेताना निकिताचा हात क्षणभर अडला. राहीबाईनं ते पाहिलं. निकितानं तिचं पाहणं पाहिलं. मग मान खाली घालून ती ते पाणी प्याली.

राहीबाईनं पहिलं नाव पूजाचं सांगितलं. मग एकेक घर. एकतीस माणसं भरली. वाचून दाखव म्हणाली, तशी निकिता वाचू लागली, आणि आपलं नाव कानावर आलं की एकेक बाई हातातलं काम टाकून दारात येऊन उभी राहू लागली.

"सरपंच सही करतीन का?" राहीबाईनं विचारलं.

"नाही केली तर माझ्या सहीनं पाठवीन. वरच्या कचेरीत स्वतः नेऊन देईन."

"मग तुजं बी नाव लिव."

"मी कुठं राहते इथं, राहीबाई?"

"ऱ्हानाऱ्यात नगं," राहीबाई शांतपणे म्हणाली. "वर लिव. खोटं कुनी लिवलं हुतं, तितं."

निकितानं कागद मांडीवर सरळ केला आणि सगळ्या बायांदेखत आपलं पूर्ण नाव लिहिलं.